आपली आंघोळ आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज पहिल्या दोन रांगांत बसले आहेत. त्यातले बहुतेक सत्तरी ओलांडलेले दिसतात. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे, असं समजायची सोय इथे फारशी कुणाला नाही.

संयोजकांनी पत्रातून 'निरोगी वार्धक्य' असा विषय सुचवला होता. तो मी बदलून घेतला. रक्तदाब नाही, साखर नाही, गुडघे ठणठणीत, रात्री एकदाही उठावं लागत नाही, असा पंचाहत्तरीचा माणूस शोधायला निघालात तर चपला झिजतील. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रोगाचं नाव डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं असतं. मी विचारते ते एवढंच, की सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तुमचं तुम्हाला काय काय करता येतं? बायपास झालेले, मधुमेहाच्या तीन गोळ्या घेणारे एक गृहस्थ रोज मंडईत जाऊन पालकाच्या जुडीसाठी घासाघीस करतात. दुसऱ्यांचे सगळे रिपोर्ट चोख, पण खुर्चीतून उठायला त्यांना मुलगा लागतो. फाईल कुणाची जाड आहे यावरून कोण बरा आहे हे ठरवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली वार्धक्यावरचा जो मोठा अहवाल काढला, त्यात हीच दिशा धरली आहे. म्हातारपण चांगलं जाणं म्हणजे रोग नसणं नव्हे, तर ज्याची आपल्याला किंमत आहे ते करता येण्याची क्षमता टिकणं. ही क्षमता दोन गोष्टींवर उभी असते. एक, अंगात किती बळ आहे. दुसरी, भोवतालचं घर, रस्ता, माणसं किती साथ देतात. 2021 ते 2030 हे दशक संयुक्त राष्ट्रांनी याच कामासाठी दिलं आहे. त्याचा निम्मा काळ उलटून गेला, आपल्याला खबर नाही.

आता ही क्षमता मोजायची कशी? अमेरिकेत क्लीव्हलँडला सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर होते. कमरेचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांवर त्यांचं बारीक लक्ष असे. 1963 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा कामांची एक यादी छापली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणात जाणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यादी साधी आहे, कुणीही केली असती. कॅट्झ यांचं खरं निरीक्षण पुढचं आहे. ही कामं साधारण ठराविक क्रमाने हातून सुटतात. आंघोळ आधी जाते, घास तोंडात घालणं शेवटी. बरं होताना हाच क्रम उलटा होतो, म्हणजे लहान मूल शिकतं तसाच.

आंघोळच पहिली का जावी, याचं उत्तर आपल्या न्हाणीघरात मिळतं. मी कुणाच्या घरी गेले की आधी तिथे जाते. दिवाणखान्यात पोहे नंतर. दारातच दोन-तीन इंचांचा उंबरा. पाय उचलून आत टाकायचा, म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहायचं. आतली फरशी गुळगुळीत, त्यावर साबणाचं पाणी. बसायला वीतभर उंचीचा प्लास्टिकचा स्टूल किंवा पाट. बादली नळाखाली, नळ कोपऱ्यात, म्हणून भरलेली बादली सरकवायची. मग वाकून तांब्या भरायचा, तो डोक्यावर न्यायचा, आणि त्याच वेळी डोळे मिटलेले. तोल सांभाळायला डोळ्यांची केवढी मदत होते, हे डोळ्यांत साबण गेल्यावर कळतं. बळ, तोल, वाकणं, पकड, नजर या सगळ्यांची एकत्र परीक्षा दिवसात एकदाच होते, ती इथे.

आणि उठताना आजोबा काय धरतात? टॉवेलची दांडी. दोन बारीक स्क्रूंवर टांगलेली ती दांडी ओला पंचा पेलायला लावलेली असते, पासष्ट किलोंचा माणूस पेलायला नाही. ती भिंतीतून निघते, त्यानंतरची कहाणी हाडांच्या डॉक्टरांकडे सुरू होते. तिच्याऐवजी भिंतीत पक्का बसवलेला, मुठीत मावेल असा स्टीलचा दांडा, बसायला गुडघ्याच्या उंचीची, पायांना रबर असलेली खुर्ची, बादली उंच चौरंगावर आणि बाहेर न सरकणारं पायपुसणं, एवढं केलं की आंघोळीसाठी माणूस ठेवायचा विचार पुष्कळ घरांत काही वर्षं पुढे ढकलता येतो. खर्च दिवाळीच्या आकाशकंदील-फटाक्यांएवढा. पण सांगितलं की उत्तर येतं, "ते दांडे बिंडे लावले की घर दवाखान्यासारखं दिसतं." पाहुण्यांच्या नजरेला जपण्यात आपण किती हाडं मोडून घेतली असतील कोण जाणे.

कॅट्झ यांच्यानंतर 1969 मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी जरा वरच्या पायरीची यादी केली: फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा व्यवहार. त्यात एक गंमत आहे. त्या काळी बायकांना आठही कामांचे गुण धरत आणि पुरुषांना पाचच. स्वयंपाक, आवराआवर आणि धुणं पुरुषांच्या हिशेबातून वगळलेलं होतं. आज ती यादी अशी वापरत नाहीत. आपल्या घरांत मात्र ती अजून तशीच चालू आहे. पत्नी गेल्यावर ज्यांना कुकर लावता येत नाही, चहापत्तीचा डबा सापडत नाही, असे कितीतरी सुशिक्षित पुरुष मी पाहिले आहेत. अंगात काही आजार नाही, तरी माणूस परावलंबी. यावर माझ्याकडे उपचार आहे, पण तो पंचेचाळिशीत सुरू करायचा असतो.

आता मी ज्या एका गोष्टीसाठी आज उभी आहे तिच्याकडे येते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची हातपाय हलवायची ताकद जितकी आजाराने जाते, तितकीच ती मायेने जाते, असं माझं मत झालं आहे. "आई, तुम्ही बसा बरं, मी करते." "बाबा, राहू द्या, मी आणतो खालून." हे वाक्य ज्या घरात दिवसातून दहादा ऐकू येतं, तिथल्या आई दोन वर्षांत खुर्चीतून उठायच्या बंद होतात. आधी गॅसपाशी जाणं थांबतं, मग पाण्याचं भांडं स्वतः भरून घेणं थांबतं, मग ताट हातात येतं आणि हातातूनच परत जातं. वाईट कुणाचंच नसतं. मांडीचे स्नायू मात्र हेतू बघत नाहीत. वापर किती होतो तेवढंच बघतात.

यात सुनांना धारेवर धरणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. तिला सव्वाआठची लोकल गाठायची असते. सासूबाई गवार निवडायला बसल्या तर तास लागतो, ती स्वतः दहा मिनिटांत मोकळी होते. शिवाय शेजारी आहेतच. "या वयात सासूला कामाला लावते" हे ऐकून घ्यायची तयारी फार थोड्या जणींची असते. मुलगा बाहेरून फोनवर सांगतो, आईला काही करू देऊ नकोस. आणि आईंनाही हळूहळू ते पटतं. "नाही गं होत आता" हे त्या आधी कौतुक करून घ्यायला म्हणतात, पुढे ते खरं होतं. म्हणून मी घरच्यांना सांगते, सगळं नका सोपवू, एक काम कायमचं त्यांचं ठेवा आणि त्याला घाईची वेळ ठेवू नका. दुपारची भाजी निवडणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, देवपूजा उभ्याने, खालच्या मजल्यावरून वर्तमानपत्र. उशीर झाला तरी ते दुसऱ्याने करायचं नाही.

गेलेलं बळ परत येतं का? हा प्रश्न नेहमी असतो आणि त्याचं उत्तर मोठं आनंदाचं आहे. 1990 साली बॉस्टनमधल्या डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या एका निवासात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली. हलकी नव्हे, चांगली जड. त्यातला सर्वांत मोठा 96 वर्षांचा होता. आठ आठवड्यांत नऊ जणांनी तो क्रम पुरा केला आणि पायांचं बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढलं. दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली. माणसं थोडी होती हे खरं, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही हाच कल दाखवला. वय झालं म्हणून स्नायू वाढत नाहीत, ही समजूत तेव्हापासून टिकत नाही.

उलट बाजूही ऐका. 2007 मध्ये अमेरिकेतच धडधाकट, सरासरी सदुसष्ट वर्षांच्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं. ताप नाही, शस्त्रक्रिया नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांत पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. आता आपल्या आजोबांचा न्यूमोनिया आठवा. आठ दिवस दवाखान्यात, जेवण निम्मं, आणि घरी आल्यावर पंधरा दिवस "अशक्तपणा आहे, पडून राहा." अशक्तपणा आजाराने आला तेवढाच पडून राहण्यानेही आला. डॉक्टरांनी खास मनाई केली नसेल तर दवाखान्यातच, सलाईन बंद असेल तेव्हा, जेवण खुर्चीत बसून आणि संडासपर्यंत धरून का होईना पण चालत, हा हट्ट नातेवाइकांनी धरायला हवा.

वृद्धांना अंथरुणातून उठवणं याचंच पुढे एक वैद्यकशास्त्र झालं, त्याची सुरुवात करणाऱ्या डॉ. मार्जोरी वॉरन यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. 1935 साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबखान्याचा 714 खाटांचा दवाखाना आला. तिथे माणसं वर्षानुवर्षं नुसती पडून होती. औषध नाही, निदान नाही, जेवण खाटेवर. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, भिंती रंगवल्या, खुर्च्या आणवल्या आणि माणसं उठवायला लागल्या. बरीचशी चालत घरी गेली.

आपल्याकडे हा विचार आणणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, क्वेकर घराण्यातल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा काढली. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, त्यामुळे फलटणकरांना नाव परकं नाही. पण त्यांनी काय शिकवलं हे विचारलं तर गाडी अडते. त्यांच्या सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्व्यांची मुलगी. म्हणजे नातं सरळ महर्षी कर्व्यांच्या घराशी जातं. कर्वे 104 वर्षं जगले आणि 1929 साली, एकाहत्तराव्या वर्षी, जगप्रवासाला निघाले. महाराष्ट्रात वार्धक्यावर व्याख्यान द्यायचं आणि कर्व्यांचं नाव घ्यायचं नाही हे शक्यच नसतं, तर तो नियम मी पाळला. पण असामान्यांच्या उदाहरणाने सामान्य माणसाचे गुडघे हलत नाहीत, म्हणून पुढे जाते.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी सांगते. भिंतीला टेकवलेली बिनहाताची पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये ठरवलं आहे की याला बारा सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर स्नायू झिजल्याची शंका धरावी. आत्ता करू नका, या सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घसरतात. गंमत अशी की चाचणी हाच व्यायाम आहे. दिवसातून दोनदा, आठ-दहा वेळा, हळू उतरत. खाली बसताना धपकन न बसणं हे त्यातलं अर्धं काम. ज्यांना छातीत दुखतं किंवा उभं राहिलं की अंधारी येते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात, तोल मात्र एकाच माणसाचा जातो.

परदेशी याद्यांत एक गोष्ट नाही, ती मी आपल्यासाठी जोडते: जमिनीवरून उठणं. आपलं जेवण, पूजा, भाजी निवडणं, नातवंडांशी खेळणं, सगळं जमिनीवरचं. डायनिंग टेबल आलं, कमोड आला, पलंग आले. गुडघ्यांना आराम मिळाला हे नाकारत नाही; ज्यांचे सांधे बदललेत किंवा फार झिजलेत त्यांनी आपल्या सर्जनचंच ऐकावं. पण बाकीच्यांनीही साठीतच जमीन सोडून दिली, आणि आता पडल्यावर त्यांना उठता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, तरी दोन-दोन तास फरशीवर पडून असतात.

त्याची पद्धत आहे. पडल्यावर घाई करायची नाही. आधी श्वास, मग कुठे दुखतंय याचा अंदाज. कमरेत कळ असेल, पाय वेडावाकडा दिसत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. तसं नसेल तर कुशीवर वळायचं. वरच्या हाताने जमीन रेटून कोपरावर यायचं, तिथून दोन्ही तळहात आणि गुडघ्यांवर. रांगत पलंग किंवा जड खुर्ची गाठायची. तळहात तिच्या बैठकीवर ठेवून बळकट पाऊल पुढे जमिनीवर टेकवायचं, हातांनी रेटा देऊन उठायचं आणि वळून बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही. हे न पडता, घरचं कुणी जवळ असताना, गादीवर शिकून घ्यायचं असतं. पंच्याहत्तर वर्षांच्या एका आजींनी मला सुनावलं होतं, "या वयात रांगायला लावतेस?" पण शिकल्या. आणि शेजारणींना त्याच शिकवायला लागल्या, माझ्यापेक्षा जास्त जरबेने.

खाण्याबद्दल थोडक्यात. वय झाल्यावर 'हलकं' खावं या नावाखाली आपण त्यांच्या ताटातून प्रथिनं काढून घेतो. सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि पाणचट वरण, रात्री दूध-भाकरी कुस्करून. साठ किलोंच्या वृद्ध माणसाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, म्हणजे तरुणापेक्षा कमी नाहीत, उलट थोडी जास्तच. घट्ट वरणाची वाटी, पेलाभर दूध किंवा एक अंडं, प्रत्येकात सहा-सात ग्रॅमच असतात. हिशेब तुम्हीच करा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांचं गणित वेगळं. आणि दात नसतील तर आधी कवळी. मोतीबिंदू, कान यांचंही तसंच: ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प होतो आणि घरचे म्हणतात, बाबांचं डोकं चालत नाही आता.

हे सगळं मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांबद्दल बोलले, याची मला जाणीव आहे. माणदेशातल्या एखाद्या सत्तरीच्या बाईला "हालचाल ठेवा" सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे. ती पहाटेपासून वाकलेलीच असते: खुरपणी, सरपण, डोक्यावर हंडा. तिला मायेने कुणी बसवलेलं नाही, आणि तिला बसायची गरज आहे. तिच्यासाठी कार्यक्षमता टिकवणं म्हणजे घरापर्यंत नळ, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेत, गुडघ्यांवर गोळी सोडून दुसरे उपचार, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते नव्हे तर पहिल्या पंगतीचं जेवण. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती. मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या संस्थेनं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर 2023 मध्ये काढलेल्या अहवालाचा अंदाज आहे की 2050 पर्यंत ती पस्तीस कोटींच्या घरात जातील. त्यात अशा बायका फार असतील, कारण बायका जास्त जगतात आणि एकट्या उरतात.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तरला निम्मं तिकीट. योजना चांगली आहे, माणसं लेकीकडे जायला लागली. अडचण पहिल्या पायरीची आहे. ज्याला ती उंच पायरी चढता येत नाही, त्याला तिकीट माफ करून उपयोग काय? स्थानकाच्या एका फलाटावर पायरीच्या उंचीचा ओटा बांधायला कुठल्या परदेशी तंत्राची गरज नाही.

तसंच 2024 मधल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं. पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची यांसाठी तीन हजार रुपये खात्यात. पैसे पोचतात, पण वस्तू माणसाला नीट बसते का हे बघायला कुणी नसतं. काठीचंच घ्या. चपला घालून ताठ उभं राहून हात सैल सोडले की मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ यायला हवी. उंच काठी खांदा वर ढकलते, बुटकी माणसाला वाकवते. धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि टाकायची दुखऱ्या पायाबरोबर. सिनेमात नेहमी दुखऱ्या बाजूलाच दाखवतात, आणि दहातले सहा-सात जण तिथेच धरतात. खालचं रबरी टोपण झिजून गुळगुळीत झालं की काठी आधार देत नाही, घसरवते. लाकडी काठी कापता येते, अॅल्युमिनियमच्या काठीला भोकं असतात, दोन मिनिटांचं काम.

आत येताना कोपऱ्यात ठेवलेल्या काठ्या मी पाहिल्या. निम्म्याहून अधिक उंच आहेत. बरोबर एक करवत आणि रबरी टोपणांची पिशवी आणली आहे. आभारप्रदर्शन झालं की ज्यांच्याकडे काठी आहे त्यांनी चहाच्या टेबलाशेजारी थांबावं. बाकीच्यांनी त्यांना धरून आणू नये, त्यांचे ते येतील.